छापील चौकोन व त्यामागची वही

वाण्याच्या तराजूशेजारीं, रिक्षाच्या पाठीवर, औषधाच्या खोक्यावर, लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यांत आणि देवळांतील दानपेटीवरहि आतां एक काळापांढरा चौकोन दिसतो. त्याला क्यू. आर. कोड म्हणतात हें घरांतील शाळकरी मुलासहि ठाऊक असतें. परंतु त्या चौकोनांत नेमकें काय सांठविलेलें असतें असें विचारलें, तर उत्तरें बहुधा चुकीचीं मिळतात. कोणी म्हणतो, त्यांत दुकानदाराचे पैसे जमा होतात. कोणी म्हणतो, हॉटेलांतील पदार्थांची सबंध यादी त्यांत असते. वस्तुतः त्यांत असतो तो थोडासा मजकूर: कांहीं अक्षरें, कांहीं आंकडे. बाकी सर्व दुसरीकडे असतें. हें ‘दुसरीकडे’ म्हणजे कोठें, आणि तें कोणाच्या ताब्यांत, हा प्रश्न चौकोन छापून घेणाऱ्या व्यापाऱ्यानें प्रथम विचारावयास हवा. तो बहुधा शेवटीं, नुकसान झाल्यावर, विचारला जातो.

या चौकोनाचा जन्म जपानांत, एका कारखान्याच्या अडचणींतून झाला. मोटारींचे सुटे भाग बनविणाऱ्या निप्पोन्डेन्सो या कंपनींत (हीच पुढें डेन्सो या नांवानें ओळखली जाऊं लागली) मालाच्या खोक्यांवर उभ्या रेघांचे बारकोड लावीत. एका बारकोडांत जेमतेम वीस अक्षरें मावत. म्हणून एकाच खोक्यावर अनेक बारकोड चिकटवावे लागत, आणि कामगार दिवसभर ते एकामागून एक वाचीत राहात. मासाहिरो हारा या इंजिनियरांनीं एका सहकाऱ्यासह या कामांत हात घातला व १९९४ सालीं नवा कोड तयार केला. जेवणाच्या सुटींत ते ‘गो’ नांवाचा खेळ खेळत. त्या पटावरील काळ्यापांढऱ्या सोंगट्या पाहून त्यांना ही कल्पना सुचली. रेघांचा कोड एकाच दिशेनें वाचतां येतो. पट आडवाहि वाचतां येतो आणि उभाहि. तीन कोपऱ्यांतील मोठे चौकोन यंत्राला ‘कोड येथें आहे’ असें सांगण्यासाठीं आहेत. त्यांतील काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचें प्रमाण १ : १ : ३ : १ : १ असें ठेवलेलें आहे, आणि तें सहज म्हणून ठेवलेलें नाहीं. छापील कागदांवर कोणतें प्रमाण सर्वांत विरळा आढळतें, हें हारा व त्यांच्या सहकाऱ्यानें मासिकें, जाहिरातपत्रकें, पुठ्ठ्याचीं खोकीं धुंडाळून शोधून काढलें होतें; शेजारच्या मजकुराला यंत्र कोड समजून बसूं नये हा त्यामागील हेतु. कंपनीनें पेटंट घेतलें, पण तें सर्वसामान्य वापराच्या आड आणलें नाहीं. २००० सालीं या कोडास आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. त्याचा आज जो प्रसार दिसतो त्याचें श्रेय या उदारपणास जितकें, तितकेंच पुढें खिशाखिशांत येऊन बसलेल्या कॅमेऱ्यास दिलें पाहिजे.

सर्वांत लहान कोडाच्या एका बाजूस २१ घरें असतात, सर्वांत मोठ्याच्या बाजूस १७७. नुसते आंकडेच भरले तर मोठ्या कोडांत ७,०८९ आंकडे मावतात. शिवाय त्यांत मजकुराबरोबर दुरुस्तीची सोय गणितानें विणलेली असते. तिच्या चार पायऱ्या आहेत. सर्वांत वरच्या पायरीचा कोड छापला तर सुमारें ३० टक्के भाग फाटला, पुसला किंवा त्यावर चहा सांडला तरीहि मूळ मजकूर परत मिळतो. मात्र ही सोय हरवलेलें अक्षर परत देते. लिहिलेलें अक्षर ती बदलूं शकत नाहीं. एकदां छापलेला कोड हा शिलालेखासारखा आहे. दुकानाचा पत्ता बदलला, दूरध्वनीचा आंकडा बदलला, वेबसाइट नव्या नांवानें निघाली, तरी चौकोन आपला जुनाच पाठ म्हणत राहतो. यालाच स्थिर किंवा ‘स्टॅटिक’ कोड म्हणतात.

व्यापारी लोक ज्याला ‘डायनॅमिक’ कोड म्हणतात, त्याच्या नांवावरून छापील ठिपकेच हलत असावेत असा ग्रह होतो. तसें कांहीं होत नाहीं. ठिपके येथेंहि स्थिरच असतात. फरक इतकाच कीं, त्यांत अंतिम ठिकाणाचा पत्ता न लिहितां मध्यस्थाचा एक लहानसा पत्ता लिहितात. मध्यस्थापाशीं एक वही असते असें समजावें. तींत डावीकडे कोडाची खूण व उजवीकडे त्या दिवशींचें खरें ठिकाण लिहिलेलें असतें. ग्राहकानें मोबाइल कोडासमोर धरला कीं विचारणा प्रथम मध्यस्थाच्या सर्व्हरकडे जाते. तो वही पाहतो आणि ‘पुढें अमुक ठिकाणीं जा’ असें सांगतो. निमिषार्धांत हें सर्व घडतें व ग्राहकास त्याचा पत्ताहि लागत नाहीं. घर बदललेल्या माणसाचें टपाल पोस्टमन नव्या पत्त्यावर पोंचवितो, तशांतलाच हा प्रकार. वहींतील उजवी बाजू खोडून नवी लिहिली म्हणजे बाजारांत गेलेला प्रत्येक छापील चौकोन त्या क्षणापासून नव्या जागीं नेऊं लागतो.

येथें एक बारकावा सांगितला पाहिजे, कारण पुष्कळ घोटाळे त्यापायींच होतात. ‘पुढें जा’ हा निरोप दोन तऱ्हांनीं देतां येतो: ‘कायमचा मुक्काम हलला’ (याचा आंकडा ३०१) आणि ‘तूर्त तिकडे जा’ (याचा ३०२). पहिला निरोप मोबाइलांतील ब्राउझर लक्षांत ठेवतो व पुढच्या खेपेस मध्यस्थाला न विचारतां परस्पर जुन्याच जागीं जाऊं शकतो. म्हणून ज्या कोडाचें ठिकाण पुढेंमागें बदलावयाचें आहे, त्याच्या बाबतींत दुसराच निरोप योग्य. वहीची व्यवस्था ज्याच्याकडे सोंपविली असेल त्याला हें विचारून घ्यावें.

लहान पत्त्याचा आणखीहि एक लाभ आहे. मधल्या पायरीची दुरुस्ती धरली, तर पंचवीस अक्षरांचा पत्ता २५ × २५ घरांच्या कोडांत बसतो; दोनशें अक्षरांच्या लांबलचक पत्त्यास ५७ × ५७ घरें लागतात. कागदावरील जागा तेवढीच असेल तर दुसऱ्या कोडांतील घरें निम्म्याहून बारीक होतात, आणि मिणमिणत्या दिव्याखालीं तो वाचतांना मोबाइल चांचपडतो.

या युक्तीचा व्यापारांत उपयोग कसा होतो तें पाहण्यासाठीं, समजा, पुण्यांतील एका मसाले बनविणाऱ्या गृहस्थानें दहा हजार पाकिटें छापून घेतलीं. पाकिटावरील कोडामागें आरंभीं पाककृति आहेत. आषाढांत त्याच कोडामागें लोणच्याचा मसाला कसा मुरवावा याची माहिती लावतां येते, दिवाळीच्या आधीं चकलीच्या भाजणीची. एखाद्या पाककृतींत मिठाचें प्रमाण चुकीचें पडलें असेल तर तें त्याच संध्याकाळीं दुरुस्त होतें. पाकिटें रद्दींत घालावीं लागत नाहींत. हॉटेलांतील दरपत्रक, यंत्राबरोबर येणारी माहितीपुस्तिका, प्रदर्शनांतील चित्राखालची पट्टी, पाठ्यपुस्तकाच्या समासांतील खूण अशा ठिकाणीं ही सोय फार कामाची आहे, कारण तेथें छपाई महाग आणि मजकूर बदलता असतो.

दुसरा उपयोग मोजणीचा. प्रत्येक विचारणा वहीपाशीं होऊन जात असल्यामुळें तिची नोंद ठेवतां येते. मसालेवाल्यानें दादरच्या फलकावर एक व ठाण्याच्या फलकावर दुसरा कोड लावला आणि दोहोंमागें ठिकाण एकच ठेवलें, तरी कोणत्या फलकाकडून किती लोक आले हें त्याला कळतें. वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन ती कोणी वाचली कीं नाहीं याविषयीं व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या अंदाज बांधीत आले. त्यांना हा आंकडा मोहक वाटावा यांत नवल नाहीं. तथापि त्याचा अर्थ बेतानेंच करावा. वेळ, मोबाइलचा प्रकार आणि स्थूलमानानें शहर एवढें त्यांतून समजतें. मनुष्य कोण हें समजत नाहीं. एकाच व्यक्तीनें चारदां पाहिलें तर आंकडा चार होतो. कित्येकदां माणूस नसतोच; कांहीं संदेशयंत्रणा दुव्याचा नमुना दाखविण्यासाठीं स्वतःच विचारणा करून येतात, आणि त्याहि मोजल्या जातात. ज्याला खरा हिशेब हवा त्यानें किती कोड वाचले गेले यापेक्षां किती पाकिटें खपलीं तें पाहावें. आणि ग्राहकाचें नांव व दूरध्वनि विचारावयाचा असेल तर तो कशासाठीं हवा हें स्पष्ट सांगावें. भारतांत २०२३ सालीं झालेल्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याची दिशाहि हीच आहे.

आतां पहिल्या प्रश्नाकडे, म्हणजे वही कोणाची याकडे, वळणें प्राप्त आहे. हाइन्झ या सॉसच्या प्रसिद्ध कंपनीनें जर्मनींत एक स्पर्धा घेतली होती आणि तिच्यासाठीं बाटल्यांवर कोड छापला होता. स्पर्धा २०१४ सालीं संपली. कोडांत लिहिलेलें वेबसाइटचें नांव कंपनीनें नंतर चालू ठेवलें नाहीं. मुदत संपली, नांव मोकळें झालें, आणि तें एका अश्लील चित्रांच्या धंद्यानें घेतलें. बाटल्या मात्र कपाटांत होत्याच. २०१५ च्या जूनमध्यें एका ग्राहकानें जेवणाच्या टेबलावरील बाटलीचा कोड वाचला व त्याला जें दिसलें तें त्यानें जगजाहीर केलें. कंपनीस क्षमा मागावी लागली. कोडाचा एक ठिपकाहि चुकला नव्हता. चुकलें तें एवढेंच, कीं एका नांवाचें भाडें भरणें राहून गेलें.

डायनॅमिक कोडानें ही अडचण दूर होते असें पुष्कळांस वाटतें. अर्धवट खरें आहे. अंतिम ठिकाण बंद पडलें तर वहींत दुसरें लिहितां येतें, ही गोष्ट निर्विवाद. परंतु आतां भाडें भरण्याच्या जागा दोन झाल्या: एक अंतिम ठिकाणाची, दुसरी मध्यस्थाची. बाजारांत डायनॅमिक कोड करून देणाऱ्या सेवा आहेत. त्यांतील कित्येक आरंभीं फुकट असतात, पुढें मासिक वर्गणी मागतात, आणि वर्गणी थांबली कीं वहीचें पान बंद करतात. तोंवर व्यापाऱ्याचीं दहा हजार पाकिटें घरोघर गेलेलीं असतात. कागद त्याचा, शाई त्याची, माल त्याचा. पण कोडांतील नांव दुसऱ्याचें. त्या दुसऱ्यानें दर वाढविला तर मुकाट्यानें द्यावा लागतो, त्यानें दुकान बंद केलें तर सर्व चौकोन एकाच रात्रीं मुके होतात. भाड्याच्या जागेंत दुकान थाटणारा मनुष्य करारनामा दहादां वाचतो. हा करार मात्र ‘मान्य आहे’ या शब्दांवर बोट ठेवून पुरा होतो.

उपाय अवघड नाहीं. कोडांत जो लहान पत्ता छापावयाचा तो स्वतःच्या मालकीच्या नांवाखालीं असावा. मसालेवाल्याची स्वतःची वेबसाइट असेल तर तिच्याच नांवापुढें एखादें लहान अक्षर जोडून तो करतां येतो. मग वही सांभाळण्याचें काम खुशाल एखाद्या सेवेकडे द्यावें. तिच्याशीं पटलें नाहीं तर वही उचलून दुसरीकडे नेतां येते, कारण छापलेलें नांव आपलेंच असतें. बऱ्याच सेवा ही सोय थोडे अधिक पैसे घेऊन देतात. ते पैसे वांचविणें म्हणजे घर बांधून दाराची किल्ली शेजाऱ्यापाशीं ठेवणें होय.

पैसे घेण्याच्या कोडाची गोष्ट निराळी आहे, आणि नांव एकच असल्यामुळें तिचा फार गोंधळ होतो. भारतांत यू. पी. आय. ही व्यवस्था २०१६ सालीं सुरू झाली. भाजीवाल्याच्या टोपलीवरील चौकोन तिच्यांतील स्थिर कोड: त्यांत त्याचा देयक-पत्ता व नांव असतें, रक्कम ग्राहक स्वतः घालतो. डायनॅमिक कोड म्हणजे प्रत्येक बिलासाठीं त्या वेळीं नवा तयार होणारा. ४३७ रुपयांचें बिल झालें कीं यंत्राच्या पडद्यावर जो चौकोन उमटतो, त्यांत ४३७ ही रक्कम व बिलाची खूण आधींच असते. येथें मधली वही नसते; कोडच दर वेळीं नवा असतो. पैसे देणाऱ्या ॲपला ठराविक घाटाचाच मजकूर कळतो, तेव्हां मागच्या प्रकारचा वळणाचा पत्ता या कामीं उपयोगी पडत नाहीं.

बिलागणिक कोडाचा लाभ रात्रीं गल्ला मोजतांना कळतो. स्थिर कोडावर दिवसांत दोनशें ग्राहकांनीं पैसे दिले, तर कोणती रक्कम कोणत्या बिलाची हें कीर्द-खतावणींत जुळवितांना मुनिमाचा जीव मेटाकुटीस येतो. कोणी ४३७ ऐवजीं ४७३ घातले, कोणी पैसे न देतांच दिल्याचें जुनें चित्र दाखवून निघून गेला, हें सगळें मागाहून उलगडावें लागतें. बिलाची खूण कोडांतच असली तर जमा झालेली रक्कम आपलें बिल आपणच सांगते. मोठ्या दुकानांना यांत निवडहि राहिलेली नाहीं. वार्षिक उलाढाल ५०० कोटी रुपयांहून अधिक असलेल्या व्यापाऱ्यांनीं किरकोळ ग्राहकाच्या बिलावर डायनॅमिक क्यू. आर. कोड द्यावा, असा नियम वस्तु व सेवा कराखालीं डिसेंबर २०२० पासून लागू झाला. बँका, विमा, प्रवासी वाहतूक असे कांहीं व्यवसाय त्यांतून वगळलेले आहेत.

याचा अर्थ भाजीवालीनेंहि यंत्र घ्यावें असा नव्हे. तिचा पुठ्ठ्यावरचा स्थिर कोड विजेवांचून चालतो, त्याला मासिक भाडें नाहीं, पावसांत भिजला तर दुसरा छापून मिळतो. वीस रुपयांच्या कोथिंबिरीला बिल नसतें व खतावणीहि नसते. ज्या धंद्यांत बिल आहे त्याच धंद्यांत बिलाचा कोड शोभतो.

याच्या उलट, कांहीं कोड बदलतां येऊं नयेत यांतच त्यांचा उपयोग आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून भारतांत तीनशें नामांकित औषधांच्या वेष्टनावर बारकोड किंवा क्यू. आर. कोड असणें आवश्यक झालें. त्यांत औषधाचें मूळ नांव, उत्पादक, बॅचचा क्रमांक, उत्पादनाची व मुदत संपण्याची तारीख आणि परवान्याचा क्रमांक असावा लागतो. ही तारीख जर मागाहून कोणाच्या वहींत बदलतां येऊं लागली तर रोग्याचें काय होईल, हें सांगावयास नको. व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांतील ई-बिलावरील कोडहि असाच. त्यांतील मजकुरावर नोंदणी यंत्रणेची संगणकीय सही असते, आणि आंकडा फिरविला कीं सही जुळत नाहीं. महाराष्ट्रांत मात्र त्याच १ ऑगस्ट २०२३ पासून महारेरानें घरांच्या जाहिरातींवर जो कोड सक्तीचा केला, तो वेगळ्या कारणासाठीं उपयुक्त आहे. तो वाचणाऱ्यास बिल्डरच्या शब्दाऐवजीं प्राधिकरणापाशीं असलेली नोंद दाखवितो. येथें वही तिऱ्हाइताच्या हातीं आहे, आणि तसेंच असावयास हवें.

राहतां राहिली लबाडी. ठिपके माणसाच्या डोळ्याला वाचतां येत नाहींत, म्हणून एका चौकोनावर दुसरा चिकटविला तरी पाहणाऱ्यास फरक कळत नाहीं. अमेरिकेंतील टेक्सास संस्थानांत ऑस्टिन शहरीं २०२२ च्या जानेवारींत मोटारी उभ्या करण्याचें शुल्क घेणाऱ्या २९ यंत्रांवर असे परके कोड चिकटविलेले सांपडले. यंत्रांवर शहराचा स्वतःचा कोड मुळीं नव्हताच. तरीहि चौकोन दिसतांच लोकांनीं विश्वास टाकला. डायनॅमिक कोडाला तर चिकटपट्टीचीहि गरज नाहीं. वहीच्या कुलपाचा परवलीचा शब्द ज्याच्या हातीं लागला, तो घरीं बसून सर्व फलकांचें तोंड एकदम फिरवूं शकतो. म्हणून तो शब्द दुकानांतील प्रत्येक नोकरास सांगूं नये, व प्रवेशास दुसरी पडताळणी ठेवावी. सकाळीं फळी उघडल्यावर आपलाच कोड एकदां आपल्याच मोबाइलनें वाचून पाहावा. कोडाखालीं वेबसाइटचें नांव साध्या अक्षरांत छापावें, म्हणजे मोबाइलवर आलेलें नांव तेंच आहे कीं नाहीं हें ग्राहकास ताडतां येईल. आणि ज्याच्यापाशीं मोबाइलच नाहीं त्यालाहि विचारपूस करावयास कांहीं तरी धागा राहील. घरांतील मंडळींनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, पैसे येण्यासाठीं कोड वाचावा लागत नाहीं व गुप्त आंकडाहि घालावा लागत नाहीं. तसें सांगणारा पैसे द्यावयास नव्हे, न्यावयास आलेला असतो.

छपाईच्या बाबतींत थोडेंच सांगण्यासारखें आहे. कोडाभोंवतीं चार घरांइतका कोरा समास सोडावा. सजावटीच्या हौसेनें तो भरून टाकल्यामुळें जितके कोड फुकट जातात तितके दुसऱ्या कशानें जात नसतील. गडद ठिपके फिकट जमिनीवर असावेत. जितक्या अंतरावरून वाचावयाचा त्याच्या सुमारें दहाव्या हिश्श्याइतकी बाजू ठेवावी, म्हणजे दहा फुटांवरून वाचावयाच्या फलकाला फूटभर. मध्यभागीं दुकानाचें चिन्ह घालावयाचें असेल तर दुरुस्तीची वरची पायरी घ्यावी. आणि छापखान्यांतून पहिला कागद आला कीं, बाकीचे छापण्यापूर्वीं तो दोन-तीन निरनिराळ्या मोबाइलांवर, एकदां उन्हांत व एकदां सांजवेळीं, वाचून पाहावा.

एक तारीख मात्र कोणत्याहि यंत्रावर सोंपवूं नये. वेबसाइटच्या नांवाची मुदत केव्हां संपते, नोंदणी कोणाच्या नांवानें आहे, आणि त्याची सूचना कोणत्या ई-मेलवर येते, हें तिन्ही कागदावर उतरून ठेवावें. कारण नोंदणी पुष्कळदां वेबसाइट करून देणाऱ्या मुलाच्या नांवानें झालेली असते आणि तो मुलगा नोकरी सोडून गेलेला असतो. दिवाळींत पाडव्याला नवी वही घालणारी घराणीं अजून पुष्कळ आहेत. तिच्या पहिल्या पानावर ‘श्री’खालीं या तीन ओळींस जागा सहज होते.